चांदसाबच्या घरातला उंदीर

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही. ज्या देवळात जन्म काढला तिथं देवापुढं बसल्यावरही हा विषय मनात आला की मी मंत्र जरा मोठ्यानं म्हणायचो — आतलं ऐकू येऊ नये म्हणून. मग तुमच्याजवळ का बोलतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ज्यांना सांगायला पाहिजे होतं त्यांच्यातलं आता कोणी उरलं नाही, म्हणूनही असेल.

आम्ही आखाडा बाळापूरचे गुरव. महादेवाची पूजा आणि सकाळ-संध्याकाळ देवळात सनई, एवढं आमच्या घराकडं होतं. वडील लवकर गेले. मला पूजा येत होती, सनई येत नव्हती. ती शिकवली चांदसाबनं. आमच्या भागात त्या काळी चांदसाबसारखा सनईवाला दुसरा नव्हता. लग्न हिंदूचं असो की मुसलमानाचं, त्यांचा ताफा आल्याशिवाय वरात जागची हलायची नाही. त्यांचा मुलगा उस्मान त्यांच्या बाजूला बसून सूर — एकच स्वर लावून धरणारी साथीची सनई — धरायचा. उस्मान माझ्याच वयाचा. मी त्यांना चाचा म्हणायचो, त्यांच्या बायकोला — हमीदाला — चाची. त्यांच्या घरात मी कधी बाहेरून हाक मारून गेलो नाही, सरळ आत जायचो. ही गोष्ट लक्षात ठेवा. तिच्यामुळंच माझ्यावर विश्वास बसला.

चाचांनी मला मन लावून शिकवलं. पण खरं सांगू? मी साधारणच राहिलो. देवळापुरती सनई यायची, वरातीपुढं वाजवण्याजोगी कधी आली नाही. चाचा त्यावर काही बोलत नसत. कधी रागावलेही नाहीत. फक्त लग्नाची सुपारी आली की मला सोबत चल असं म्हणत नसत. उस्मान जायचा, मी देवळात राहायचो. ते मला लागायचं का? लागायचं. आज म्हणतो, लागायचं. तेव्हा विचारलं असतं तर हसून नाही म्हणालो असतो.

मग पिलेग आला. निजामाचं राज्य होतं, आणि मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती. थंडीच्या दिवसांत आधी बाजारपेठेच्या बाजूला उंदीर पडले. घरात उंदीर मरून पडला की त्या घरात काखेत, जांघेत गाठी येणार, ताप येणार — हे लेकरालाही माहीत होतं. लोकांनी घराची कौलं उतरवली, आत ऊन घेतलं आणि मळ्यात खोपी घालून राहायला गेले. जत्रा बंद, उरूस बंद. लग्नं पुढं ढकलली, नाहीतर घरच्या चार माणसांत उरकली. वाजंत्री कोण बोलावणार? ताफा म्हणजे गावोगाव फिरणारी माणसं. आज या गावचं पाणी पिणार, उद्या त्या गावच्या पंगतीत बसणार. लोक त्यांना लांबूनच हात करायचे. चाचांची सनई त्या थंडीत आढ्याला टांगून होती.

आणि नेमक्या त्याच थंडीत माझ्या हातात फोनो आला.

माझा मेव्हणा नांदेडला फोनो आणि तबकड्या विकणाऱ्या एका दुकानात कामाला होता. रोगामुळं दुकानात गिऱ्हाईक येईना, तेव्हा मालकानं डोकं चालवलं — लोक येत नाहीत तर बाजाच लोकांकडं न्यायचा. मेव्हण्यानं माझं नाव सांगितलं. पितळी कर्ण्याचा फोनो आणि तबकड्यांची पेटी मी बैलगाडीतून घेऊन आलो. मळ्यामळ्यांत जायचं, चावी द्यायची, वाजवायचं, ज्यांची ऐपत असेल त्यांना तबकड्या विकायच्या, लग्न असेल तिथं भाड्यानं वाजवायचं. फोनो जेवायला बसत नाही. त्याला ताप येत नाही. एकटा माणूस मांडवाबाहेर उभा राहून तो वाजवू शकतो. खोपीत भीतीनं दडून बसलेली माणसं त्या कर्ण्यापुढं येऊन बसायची, तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असत. जी गाणी ऐकायला हैदराबादेला जावं लागलं असतं ती ज्वारीच्या ताटांत वाजत होती. आणि लोक माझ्याकडं बघत होते. माझ्याकडं — समजतंय ना तुम्हाला? सनई हातात असताना माझ्याकडं कोणी असं बघितलं नव्हतं.

चाचांनीही ऐकला फोनो. स्वतःहून आले मळ्यात. मी मुद्दाम सनईची तबकडी लावली. त्यांनी मान खाली घालून पुरी ऐकली, मग कर्ण्यात डोकावून पाहिलं आणि उस्मानला म्हणाले की वाजवणारा चांगला आहे, पण घाईत आहे, त्याला लवकर आटपायला सांगितलेलं दिसतंय. उस्मान हसला. मीही हसलो. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तबकडी लहान असते, राग तिच्यात मावत नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण मला वाटलं, हे मला ऐकवतात. माझ्या सनईला कधी नावं ठेवली नाहीत ती आता ठेवतात. असं का वाटलं? — आपल्याला आपलं जे माहीत असतं तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येतं बहुतेक.

थंडी ओसरायला लागली तसा रोगही ओसरायला लागला. गावात नवीन उंदीर पडेनासे झाले. माणसं एक-एक करून घराकडं परतली. शेजारच्या गावच्या देशमुखाकडं मोठं लग्न निघालं — रोगानंतरचं भागातलं पहिलंच मोठं लग्न. त्यांनी मला बोलावून फोनो ठरवला होता. मी नांदेडहून नव्या तबकड्या मागवल्या. मेव्हण्याला सांगितलं, मालकाला सांगितलं की अशा घरी वाजवणार आहे. मग लग्न तोंडावर आलं असताना देशमुखानं निरोप धाडला — फोनो नको. रोग हटलाय, शुभकार्याला जित्या माणसाची सनई पाहिजे. चांदसाबला सांगितलंय.

मी देशमुखाकडं गेलो. का गेलो ते जाताना मलाही ठाऊक नव्हतं. गयावया करायला असेल. ते ओसरीवर बसले होते, आजूबाजूला चार पाहुणे होते. मी म्हणालो की मालक, ताफा बोलावताय ते बराबर आहे, पण जरा थांबला असता तर बरं. ते म्हणाले, का? आणि माझ्या तोंडून निघालं —

"चांदसाबच्या घरात उंदीर पडलाय. म्या सोता पाह्यला."

झालं. एवढंच. रस्त्यानं येताना मी हे ठरवून आलो नव्हतो, शप्पथ सांगतो — पण शपथेचा काय उपयोग? ठरवून आलो नव्हतो हे खरं धरलं, तरी बोललो मीच. एक पाहुणा उठून आत गेला. कोणी खोदून विचारलं नाही. मी त्यांच्या घरातल्यासारखाच, मला दिसणारच. देशमुख म्हणाले, तू देवासारखा आलास नारायणा.

मला वाटलं होतं की एक लग्न माझ्याकडं येईल आणि विषय संपेल. चाचांना वाईट वाटेल, पुढच्या लग्नाला ते जातील. किती सोपं वाटलं होतं! पण असली बातमी एका ओसरीवर थांबते का? मी बाळापुरात पोचायच्या आधी ती पोचली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आमच्या घरासमोर आले. अंगणात आले नाहीत, बाहेर रस्त्यावरच उभे राहिले. मी पुढं जायला लागलो तर हातानं थांब म्हणाले — त्यांचा रोग मला लागू नये म्हणून. ते तिथं उभे होते, मी इथं. मधे माझं अंगण.

"नारायणा, तू सोताच्या डोळ्यानं पाह्यलं?"

आता बघा. त्या वेळी सगळं थांबवता आलं असतं. चूक झाली म्हणालो असतो, चिचुंदरी असेल म्हणालो असतो, काहीही. मी म्हणालो, व्हय.

"कुठं व्हता?"

धान्याच्या कोठीमागं, मी म्हणालो.

"आमाला तर न्हाई दिसला. हमीदानं सारं घर झाडून काढलं."

आणि मी काय म्हणालो? माझी जीभ अडखळायला पाहिजे होती. अडखळली नाही. मी म्हणालो की मी तो चिमट्यानं उचलला, बाहेर नेला आणि उकिरड्यावर जाळला. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही घाबराल असं वाटलं.

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ओळखतील. त्यांनी दोन्ही हात जोडले. रस्त्यात उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मला हात जोडले आणि म्हणाले, "आमच्यापायी तू मेलेल्या उंदराला हात लावला, लेकरा."

मी घरात गेलो. बायकोनं विचारलं काय झालं, मी म्हणालो काही नाही.

त्यानंतर जे झालं ते मी बघत होतो, आणि मला खरं वाटत नव्हतं. गल्लीतल्या लोकांनी सांगितलं की घर सोडा. चाचांनी वाद घातला नाही. कौलं उतरवली. अंथरुणं, गोधड्या, कपडे बाहेर काढले आणि रॉकेल टाकून पेटवले. मग ते आत गेले आणि दोन्ही सनया, उस्मानचा सूर, संबळ — सगळं घेऊन बाहेर आले. संबळ राहू द्या असं कोणीतरी म्हणालं. चाचा म्हणाले की ही वाजंत्री दुसऱ्यांच्या मांडवात जाते, तोंड लावलेली वस्तू आहे, आपला रोग कोणाच्या पोरीच्या लग्नात नेऊ नये. आणि त्यांनी सनई आपल्या हातानं आगीत ठेवली. टाकली नाही — वाकून ठेवली. संबळाचं कातडं जळायला लागलं तसा सगळ्यांनी नाकाला पदर लावला, रुमाल लावला. मी तिथंच होतो. रॉकेलचा डबा कोणी धरला होता माहीत आहे? मी. मदतीला गेलो होतो ना!

आताही बोलता आलं असतं. सनई आगीत जायच्या आधी एक शब्द. गर्दी होती, ती मला फाडून खाईल असं वाटलं. पण मी गर्दीला भ्यालो असंही नाही. चाचा माझ्याकडं कसं बघतील, त्याला भ्यालो.

चाचांची थोरली मुलगी जवळा बाजारला दिली होती. ते सगळे बैलगाडीनं तिकडं गेले. रोगाच्या घरचे म्हणून गावात घेतलं नाही, तेव्हा जावयाच्या शेतात खोप घालून राहिले. इकडं देशमुखाकडच्या लग्नात माझा फोनो वाजला. मी अक्षता पडताना सनईची तबकडी लावली. लोक वाहवा म्हणाले. पुढच्या लग्नांची बोलणी तिथंच झाली. मी पोटभर जेवलो. हेही सांगायलाच पाहिजे — जेवण गोड लागलं होतं.

बाळापुरातल्या चाचांच्या गल्लीत पुढं एकही उंदीर पडला नाही. कोणाला गाठ आली नाही. लोक म्हणाले, वेळेवर घर रिकामं केलं म्हणून गल्ली वाचली. नारायणामुळं वाचली.

उन्हाळ्याच्या तोंडाला बाजार पुन्हा भरायला लागले. मी जवळा बाजारच्या आठवडी बाजारात फोनो घेऊन गेलो. कापसाच्या गाड्यांजवळ जागा मिळाली, भोवती माणसांचं कडं झालं. गाणं चालू होतं आणि माणसांमधून वाट काढत चाचा आले. एकटेच. दाढी वाढलेली, अंगात दुसऱ्या कोणाचा तरी सदरा. मी तबकडी थांबवायला गेलो तर त्यांनी हातानं राहू दे म्हटलं. गाणं संपेपर्यंत उभं राहून ऐकलं. मग माझ्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले,

"उस्मान गेला, नारायणा. इकडं रोग मागून आला अन् जोरात व्हता. गाठ आली अन् गेला."

माझ्या कानात आवाज सुरू झाला. बाजाराचा, बैलांचा, माणसांचा — सगळा एकच आवाज. उस्मान? बाळापुरात राहिला असता तर आज घरात बसला असता. ज्या गल्लीत रोग आलाच नाही तिथून मी त्याला उठवून रोगाच्या तोंडात पाठवला होता. चाचा अजून बोलून राहिले होते. मला ओठ हललेले दिसत होते. मग एवढं ऐकू आलं —

"तू सांगितलं म्हणून बाकीची तरी वाचलो. तिथंच असतो तं कोणीच राह्यलं नसतं."

कड्यातले लोक ओरडायला लागले की लाव ना दुसरं गाणं. आणि मी खाली वाकलो, फोनोला चावी दिली आणि दुसरी तबकडी लावली. चाचा मान हलवत बाजूला सरले, माणसाच्या धंद्याच्या वेळी आपण मधे आलो अशा चेहऱ्यानं. मी पुन्हा वर बघितलं तेव्हा ते दिसले नाहीत.

माझा धंदा वाढला. रोग गेला, पण लोकांना फोनोची सवय लागली ती लागलीच. ताफ्याला जेवू घाला, रात्रीची सोय करा, मानपान करा, त्यापेक्षा एकटा नारायण बरा. आसपासचे वाजंत्री शेतावर गेले, कोणी गिरणीत गेलं. लढाईच्या दिवसांत तबकड्या मिळेनात, पिना मिळेनात, तेव्हाही लोक घासलेल्या तबकड्यांवर लग्नं लावत होते. सनईवाला मिळतो का असं कोणी विचारत नव्हतं. हे माझ्या एकट्यामुळं झालं असं म्हणत नाही. फोनो येणारच होता. पण चाचा आपल्या वेळेला थांबले असते. त्यांनी सनई स्वतः खाली ठेवली असती, त्यांना वाटलं असतं तेव्हा.

ते जवळा बाजारलाच राहिले. कापसाच्या जिनिंगवर राखणीला लागले. चाची आणि उस्मानची बायको तिथंच सरकी निवडायच्या. मी बाजाराला गेलो की चाचा मला घरी न्यायचे. नवीन शेजारी आला की माझी ओळख करून द्यायचे — यानं आमच्या घरातला उंदीर उचलला. ईदेला शीरखुर्म्याचा डबा यायचा. धाकट्या मुलीच्या लग्नाला त्यांनी मलाच बोलावलं, फोनो घेऊन ये म्हणाले. मी गेलो. सनईवाल्याच्या घरच्या लग्नात फोनो वाजवला. सनईची तबकडी सोबत होती, पण ती पेटीतून काढली नाही. चाचा दिवसभर फोनोजवळ बसून होते. ती लाव असं ते म्हणाले नाहीत.

निजामाचं राज्य जायच्या आदल्या उन्हाळ्यात चाचा वारले. दिवस फार वाईट होते. गावागावांत हिंदू आणि मुसलमान एकमेकांशी जपून बोलून राहिले होते. बायको म्हणाली जाऊ नका. मी गेलो. जनाजा उचलायच्या वेळी मी मागं उभा होतो, तर चाचीनं निरोप धाडला की नारायणाला पुढं खांदा देऊ द्या. मी खांदा दिला. मूठमाती देऊन घराकडं आलो. अंगणात सगळे बसले होते, लांबलांबून आलेले नातेवाईक, मला न ओळखणारे. त्यातला एक म्हातारा माझ्याकडं टक लावून बघत होता. चाचांच्या थोरल्या जावयानं मला म्हटलं की यांना उंदराचं सांगा तुम्ही, तुमच्या तोंडानं सांगा, असल्या दिवसांत लोकांनी ऐकलं पाहिजे.

मी बघितलं — चाची आतून दाराशी येऊन बसली होती. तिच्या पाठीमागं उस्मानची बायको उभी होती. मला वाटलं, आता. चाचांना ऐकू जाणार नाही, आता तरी. मी तोंड उघडलं.

आणि सांगितलं. कोठीमागं कसा दिसला, चिमटा कसा शोधला, उकिरड्यावर कसा जाळला. कुठंही अडखळलो नाही. या वेळी त्यात मी आणखी घातलं — उंदराच्या तोंडाला रक्त होतं म्हणालो.

म्हाताऱ्यानं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. उस्मानची बायको आत गेली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली. मी प्यालो.